माडाचा गूळ, तिरफळ आणि एक गडद एल

एल हा बिअरचाच एक प्रकार; बेल्जियन पद्धतीच्या गडद एलमध्ये मसाले घातले की ती बहुधा बिघडते, असे माझे मत आजवरच्या अनुभवावरून झाले होते. पर्वरीच्या एका लहान ब्रुअरीने थोड्याच बाटल्या काढलेली, साडेआठ टक्के मद्यार्काची जी एल गेल्या आठवड्यात चाखली, तिने हे मत पूर्णपणे बदलले नसले तरी बरेच सैल केले. तिच्यात माडाचा गूळ, तिरफळ (माशांच्या आमटीत घालतात तो झिणझिणीत मसाला) आणि कोकम असे तीन गोव्याचे पदार्थ घातले आहेत.

अडचण मुळात यीस्टची आहे. बेल्जियन यीस्ट आंबवतानाच केळ्यासारखे, मनुकांसारखे फळांचे वास निर्माण करते आणि त्याच्या बऱ्याच जाती लवंगेची छटाही सोडतात. तिथे वरून लवंग-दालचिनी घातली की आधीच असलेल्या गोष्टीचीच पुनरुक्ती होते आणि पेल्यातून गरम मसाल्याचा वास येऊ लागतो. बव्हेरियाच्या 1516 च्या फर्मानाने बिअरमध्ये सातू, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) आणि पाणी एवढेच चालेल असे ठरवले. बेल्जियमच्या परंपरेवर ते बंधन नव्हते, त्यामुळे धणे, कडू संत्र्याची साल, साखर हे तिथे उघडपणे वापरले गेले. मात्र तिथले जाणकार हात आखडता ठेवतात. रोशफोरच्या मठातल्या गडद एलमध्ये धणे असतात, परंतु कोणी सांगितल्याशिवाय ते सहसा ओळखू येत नाहीत.

गुळाची निवड मला सर्वांत नेमकी वाटली. बेल्जियममधल्या वेस्टमालच्या मठात 1856 पासून गडद बिअर विकली जाऊ लागली आणि पुढे त्या वाटेने जी ‘दुबेल’ नावाची गडद एल रूढ झाली, तिच्या रंगाचा व चवीचा मोठा वाटा भाजलेल्या माल्टपेक्षा (मोड आणून वाळवलेल्या सातूपेक्षा) बीटच्या साखरेच्या काळ्या पाकाचा असतो. आपल्याकडे सूर, म्हणजे माडाचा रस, आटवून केलेला माडाचा गूळ त्या पाकाची जागा सहज घेतो, कारण त्याच्यात करपूस वास आणि किंचित खारटपणा अंगचाच असतो. गूळ म्हटल्यावर बिअर गोड असेल असे बहुतेकांना वाटते; प्रत्यक्षात त्यातली साखर यीस्ट जवळजवळ संपवून टाकते, मद्यार्क वाढतो आणि अंगाने बिअर उलट हलकी होते. वास गुळाचा आणि शेवट कोरडा, हीच या एलची खरी गंमत.

बाटली फ्रिजमधून काढून थोडा वेळ तशीच ठेवली, कारण या प्रकाराला बारा अंशांच्या आसपासचे तापमान मानवते आणि बर्फासारख्या थंडीत त्याचे निम्मे वास दबून राहतात. रुंद तोंडाचा बेल्जियन पेला घरी नव्हता, म्हणून वाइनच्या ग्लासात ओतली व तळाचा गाळ बाटलीतच राहू दिला. रंग गडद तांबूस तपकिरी. दिव्यासमोर धरल्यावर कडेला माणकासारखी लाली. फेस दाट आणि फिकट बदामी, तो बराच वेळ टिकला. वासात आधी खजूर व गूळ आले, त्यांच्यामागून यीस्टची लवंग, आणि ग्लास जरा हलवताच हिरवट, लिंबाच्या सालीसारखा काहीतरी तीव्र वास. माझ्या धाकट्या बहिणीने तो एका क्षणात ओळखला. ‘दादा, हा तर बांगड्याच्या हुमणाचा वास!’

हुमण या माशांच्या आमटीत तिरफळ असते, आणि हा वास त्याचाच. तो यीस्टकडे नसलेला वास आहे, म्हणूनच तो इथे खपतो. ब्रुअरीने बी काढून टाकून केवळ टरफले ठेचली आणि उकळीच्या अगदी अखेरीस घातली, असे तिथल्या माणसाने सांगितले. बी राहिले असते तर कडवटपणा आला असता. पहिल्या घोटानंतर जिभेच्या टोकावर हलकी झिणझिणी येते आणि ती दाट माल्टला पुढच्या घोटासाठी बाजूला सारते. ग्लास जसजसा कोमट होत गेला तसतसे मात्र तिरफळ वरचढ झाले. प्रमाण एक तृतीयांशाने तरी कमी हवे होते. कोकमाबद्दल बोलण्यासारखे फारसे नाही. त्याने थोडा आंबटपणा आणला, पण गडद एलला त्याची गरज नव्हती, आणि लेबलवर तिसरे गोवेकरी नाव यावे म्हणून ते घातले असावे, असा माझा संशय आहे.

जेवणात कोंबडीची शागुती होती. तिच्यातले भाजलेले खोबरे आणि एलमधला करपूस गूळ यांचे इतके जमले की लागर, म्हणजे नेहमीची फिकट बिअर, तिच्याबरोबर पुन्हा घ्यावीशी वाटणार नाही. त्यानंतर हौसेने दोदोल हे गोव्याचे गोड घेतले. तेही माडाच्या गुळाचे असल्याने जोडी जुळेल असा अंदाज होता, पण त्या गोडीपुढे बिअर एकदम कोरडी व कडू लागली.

अशा तगड्या, बाटलीतच यीस्ट जिवंत असलेल्या एल तळघरात कित्येक वर्षे मुरवतात, हे खरे आहे. ते तळघर मात्र थंड असते. आपल्या घरचे कपाट मे महिन्यात कुठल्या तापमानाला पोहोचते ते सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा ही बाटली मिळालीच तर फ्रिजमध्ये उभी ठेवावी आणि तिरफळाचा ताजेपणा आहे तोवर उघडावी.