एक बूट पायातच

राज्य नाट्य स्पर्धेसाठी यंदा स्वतःचीच संहिता करायची असं आमच्या संस्थेनं ठरवलं, तेव्हा विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. सांगलीतल्या आमच्या या हौशी संस्थेत निम्मे लोक बँकेतले. तालमीला आले की चेहऱ्यावरूनच कळायचं, आज वरिष्ठांच्या व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ मीटिंगमध्ये, ऐकून घेतलंय, आज थकीत कर्जदाराच्या दारातून हात हलवत परत आलेत. सगळे पंचेचाळीस ते पन्नाशीतले. मुलं बारावीला, आई-वडील थकलेले, घराचे हप्ते चालू. लिहायला मी बसले.

कामानं माणूस असा पिचून जातो, त्या बर्नआउटबद्दल मिळेल ते वाचत होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या केली आहे. आजार म्हणून नव्हे, तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. न उतरणारा थकवा, कामावरून उडालेलं मन किंवा कामाबद्दलचा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना, अशी तिची तीन अंगं. आयुष्यातल्या इतर गोष्टींना ही संज्ञा लावू नये, असंही त्यात स्पष्ट म्हटलंय. म्हणजे व्याख्या ऑफिसच्या दारात थांबते. पण माणूस तिथे थांबत नाही, तो घरी येतो. माझं नाटक तिथून सुरू झालं.

म्हणून बँकेची ब्रँच रंगमंचावर आणलीच नाही. दोन्ही अंक एकाच हॉलमध्ये. सुधीर शाखाधिकारी, बायको मेधा, मुलगी ईरा आणि आई. सुधीर कुणावर ओरडत नाही, दारू पीत नाही. त्याच्याभोवती घर फक्त हळूहळू आवाज कमी करत जातं. मेधा फोनवर सांगते, ‘ते अंघोळीला गेलेत.’ ईरा कॉलेजच्या फॉर्मवर आईचीच सही घेते. आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात, ती सांगत नाही. ‘बाबांना आत्ता नको सांगूस’ हे वाक्य आधी मेधा ईराला म्हणते, मग ईरा आजीला, मग आजी मेधाला. शेवटी ते सुधीरच्या कानावर पडतं.

प्रवेशिका, संमतीपत्र, संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र ही कागदपत्रं वेळेत झाली. हौशी संस्थांना एकच सांगेन, संहिता लवकर पूर्ण करा. महाराष्ट्रात त्या प्रमाणपत्राशिवाय प्रयोग करता येत नाही.

खरा कस तालमीत लागला. पहिल्या अंकात सुधीर घरी येतो, खुर्चीवर बसतो, एक बूट काढतो आणि तसाच बसून राहतो. दुसरा बूट पायातच. मागे मेधा कणीक मळतेय, ईरा अभ्यासाला बसलीय, कुणी काही बोलत नाही. एवढंच. सुधीरचं काम करणारे दादा स्वतः बँकेत. पहिल्या तालमीत ते थांबले आणि विंगेतून प्रॉम्प्टरनं लगेच वाक्य दिलं. दादा म्हणाले, “ताई, एवढा पॉज घेतला तर लोकांना वाटेल मी वाक्य विसरलो.” मी म्हटलं, “वाटू दे. घरातल्यांनाही तसंच वाटत असतं.” दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी, तेव्हा मोठ्या तालमी लावायचो. अशाच एका शनिवारी दादांना तो पॉज सापडला. त्यांनी काढलेला मोजा हातात धरला आणि त्याच्याकडे बघतच राहिले. ईराचं काम करणारी मुलगी वहीतून मान वर करायला विसरली. आम्ही ते तसंच ठेवलं. प्रकाशयोजना करणाऱ्यानं तिथे स्पॉट द्यायचं म्हटलं, मी नको म्हटलं. घरातल्या ट्यूबलाइटसारखा सपाट उजेडच हवा होता.

शेवटावरून मात्र खूप वाद झाले. सुधीरनं राजीनामा द्यावा, टाळी येईल, असं काहींचं म्हणणं. बँकेतल्यांनी एका सुरात विरोध केला. “ताई, हप्ते चालू असलेला माणूस राजीनामा देत नाही. तो बदलीची वाट बघतो.” मला त्यांचं पटलं. त्यामुळे सुधीर नोकरीतच राहतो. तो रजेचा अर्ज देतो, मेधाबरोबर डॉक्टरांकडे जातो, आणि ईराला म्हणतो, ‘मला सांगत जा. मी नीट ऐकलं नाही, तर परत सांग.’ मुलीकडे काही मागणारा बाप लिहिताना मला फार भरून आलं होतं.

५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, नटराजपूजन केलं. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते याच गावात, त्यामुळे त्या दिवशी भावे नाट्यमंदिराच्या पायऱ्या चढताना आजही छाती धडधडते. पुढे प्रयोगाला तिसरी घंटा झाली, पडदा गेला. बुटाचा पॉज आला आणि थिएटरमध्ये कुणी खाकरलंसुद्धा नाही. प्रयोगानंतर ग्रीनरूममध्ये भेटायला बायका जास्त आल्या. एकीनं मेधाचं काम करणाऱ्या ताईंचा हात धरून विचारलं, “तुम्ही कुणाला सांगायचात?” ताईंना उत्तर देता येईना. खरंच, संहितेत मेधा कुणालाच काही सांगत नाही.

स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत आमच्या केंद्रावर आमचा दुसरा क्रमांक आला, अंतिम फेरी हुकली. हळहळ वाटली, पण नाटक बंद करायचं नाही यावर सगळे ठाम आहेत. पुढचा प्रयोग मिरजेला, बालगंधर्व नाट्यमंदिरात करायचा विचार आहे. ईराचं काम करणारी मुलगी शिकायला पुण्याला गेली, तिच्या जागी दुसरी शोधतोय. दादांची बदली जिल्ह्यातच झाली, त्यामुळे ते आहेत. आणि दुसऱ्या अंकातला डॉक्टरांचा प्रवेश मी पुन्हा लिहायला घेतलाय. त्यात आधी मेधा बोलणार आहे.