ग्रुपिंगबाय वापरताय? मग मॅपचा क्रम बघा

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची ८ वी आवृत्ती आली २०१४ साली, तिच्यासोबत यादीचे गट पाडणारं तयार ग्रुपिंगबायही आलं, तरी अजून फॉर लूप, आत इफ, की (म्हणजे key, गटाचं नाव) नसेल तर नवीन ॲरेलिस्ट (यादी) टाक, असला पसारा कोडमधे दिसतोच. एम्प्लॉयींची लिस्ट आहे, शहरानुसार गट पाडायचेत, तर कलेक्टर्सच्या ग्रुपिंगबायला गेटसिटी (शहर सांगणारी मेथड) द्यायचं, झालं, मॅप (प्रत्येक कीखाली तिचा गट) हातात.

गंमत पुढे आहे. लोक आधी यादी क्रमाने लावायला सॉर्टेड लावतात आणि मग मॅपमधे शहरं उलटीपालटी का आली म्हणून डोकं खाजवत बसतात. अहो, आतून मिळतो हॅशमॅप, त्याला क्रमाशी काय देणंघेणं! प्रत्येक गटातली माणसं मात्र सॉर्ट केलेल्या क्रमानेच राहतात, विस्कटतात त्या फक्त कीज. मग तीन आर्ग्युमेंटवालं ग्रुपिंगबाय घ्या, मधे कीज क्रमाने लावणारा ट्रीमॅप द्या, आलेला क्रम टिकवायचा असेल तर लिंक्डहॅशमॅप. आणि कुणाचं शहर नल (म्हणजे भरलेलंच नाही) असेल तर सरळ नलपॉइंटर एक्सेप्शन, तेव्हा आधी फिल्टर मारा.

क्रम उलटा करणारं रिव्हर्स्ड पण असंच चावट, कंपेअरिंग (पहिल्या कीने तुलना), देनकंपेअरिंग (बरोबरी झाली तर दुसऱ्या कीने) आणि शेवटी रिव्हर्स्ड लावलं की दोन्ही क्रम उलटतात. फक्त पगार उतरता हवा तर रिव्हर्सऑर्डर त्या एकाच कीला द्यायचं.

मराठी आडनावं असतील तर अजून एक भानगड. स्ट्रिंगची तुलना युनिकोडने प्रत्येक अक्षराला दिलेल्या नंबरावर होते, तिथे ळ बसलाय ल च्या शेजारी, आपल्याकडे तो ह नंतर येतो, म्हणून काळे येतात कावळेंच्या आधी. रूलबेस्डकोलेटर या जावातल्या क्लासला आपला अक्षरक्रम सांगून तोच कंपॅरेटर (तुलना करणारा) म्हणून सॉर्टेडला देता येतो.