आई म्हणाली, हा तर सडा

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज आईला विडिकमला नेलं. इंग्लंडमध्ये एक्सेटरला राहून नऊ वर्षं झाली. या काळात जवळच्या डार्टमूर पठारावर किती पाहुणे नेले असतील याची गणती नाही. हेटॉरच्या खडकावर फोटो, मग खाली विडिकमला उतरून चहा आणि अंधार पडायच्या आत घरी, असा ठरलेला फेरा. गाव म्हणून विडिकम मी आज पहिल्यांदा बघितलं, आणि तेही आईने थांबायला लावलं म्हणून.

रस्त्यातली जनावरं अडवायची लोखंडी जाळी गाडीखाली खडखडली, दोन्ही बाजूंची झाडं संपली आणि समोर नुसतं उघडं पठार आलं. नेचा वाळून गंजाच्या रंगाचा झालेला, हेदरची जांभळी फुलं करपून गेलेली, मधे मधे गॉर्सच्या काटेरी झुडपांवर थोडा पिवळा रंग. आई पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "अगं, हा तर सडा."

इतकी वर्षं मी लोकांना 'मूर'चा अर्थ माळरान, ओसाड पठार असं काहीबाही सांगत आले. सडा हा शब्द कधी सुचला नाही. आईचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं, पाटण तालुक्यात. तिकडे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीला सडाच म्हणतात. सडावाघापूर हे नावच त्यावरून पडलेलं. दगड मात्र वेगळा. आपला काळा कातळ लाव्ह्याच्या थरांचा, तर इथला करडा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात निवलेला, सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचा. वरची माती झिजून गेली आणि ते खडक टेकड्यांच्या माथ्यावर उघडे पडले. त्यांनाच इथे टॉर म्हणतात. आपल्याकडे पाऊस चार महिने, इथे बारा महिने. त्यामुळे वरच्या भागात झाडोरा नीट कुजतही नाही. त्याचे थरावर थर साचून पीट होतं, आणि त्यावर पाय ठेवला की ओल्या गादीवर उभं राहिल्यासारखं वाटतं.

"बघ किती ओसाड आहे," मी म्हटलं. त्यावर आई म्हणाली, "ओसाड कुठं? मेंढरं आहेत की. आणि एवढे गडगे कुणी घातले मग?"

मग प्रश्नांची सरबत्तीच. मेंढरं कुणाची? राखणारा दिसत नाही. एकाची दुसऱ्याच्यात गेली तर? मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. हे एक प्रकारचं गायरान आहे. जमिनीला मालक आहे, पण चराईचा हक्क भोवतालच्या शेतांना पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. प्रत्येक मेंढीच्या अंगावर रंगाची खूण असते आणि कानात बिल्ला. ज्यांना मी वर्षानुवर्षं 'जंगली घोडे' म्हणून दाखवत आले ती तट्टंसुद्धा कुणाच्या ना कुणाच्या मालकीची असतात आणि दर शरदात गोळा करून खाली आणली जातात. मेंढ्यांना कुंपण लागत नाही, कारण आपली हद्द त्यांना ठाऊक असते. कोकरू आईमागून हिंडतं आणि त्या हिंडण्यातच शिकतं. इथले लोक याला 'लिअर' म्हणतात. २००१ मध्ये लाळ-खुरकुताच्या साथीत या देशात लाखो जनावरं मारावी लागली. तेव्हा उघड्या डोंगरावर चरणाऱ्या कळपांबाबत मोठी काळजी हीच होती की मेंढ्या विकत आणता येतील, पण सड्याची ओळख कुठून विकत आणायची?

आईला हे फार पटलं. "म्हशीचंही तसंच असतं," एवढंच म्हणाली, आणि बराच वेळ बाहेर बघत राहिली.

गाव खोलगट दरीत आहे. उतार इतका उभा की वरून आधी चर्चचा मनोरा दिसतो आणि घरं नंतर. विडिकमचा अर्थ वाळुंजांचं खोरं. एक हिरवळ, तिच्याभोवती मोजकी घरं, शेजारी सोळाव्या शतकातलं चर्च हाउस. सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी भरणारी इथली जत्रा महिन्यापूर्वीच होऊन गेली, त्यामुळे आज सगळं शांत होतं.

सेंट पँक्रासच्या त्या चर्चला 'मूरचं कथीड्रल' म्हणतात. मनोरा सुमारे १२० फूट उंच. एवढ्याशा गावाला एवढा मनोरा कशाला, असं आईने विचारलंच. कथील खणणाऱ्यांच्या पैशातून तो उभा राहिला असं सांगतात. मध्ययुगात इथल्या ओढ्यांचे काठ उकरून कथील काढायचे. "कल्हईचं कथील?" आईने विचारलं. हो, तेच. मग चर्चच्या दारात उभं राहून आम्ही दोघी पंधरा मिनिटं कल्हईवाल्याबद्दल बोलत होतो. नवसागराचा धूर, कापसाचा बोळा फिरला की पातेल्यात लखकन उजळणारी चंदेरी गोल लाट. हे तिच्याकडून ऐकताना तो मनोरा मला एकदम जवळचा वाटला.

आत भिंतीवर लाकडी फळ्या आहेत. २१ ऑक्टोबर १६३८, रविवार. प्रार्थनेला सुमारे ३०० माणसं जमलेली असताना वादळ आलं, आगीचा गोळा चर्चमध्ये शिरला, मनोऱ्याचं एक शिखर छप्पर फोडून खाली कोसळलं. चार जण गेले, साठेक जखमी झाले. गावच्या शाळामास्तराने ही सगळी हकिकत पद्यात रचली, तीच फळ्यांवर आहे. मी एकेक ओळ वाचून आईला मराठीत सांगत होते. लोकांच्या तोंडी मात्र दुसरीच कथा आहे: पत्ते घेऊन चर्चमध्ये झोपलेल्या जुगाऱ्याला न्यायला सैतान आला होता, आणि वाटेत पाउंड्‌सगेटच्या खानावळीत तो दारू प्यायला तेव्हा ती त्याच्या घशात चर्र चर्र वाजली. आई म्हणाली, "उघड्या सड्याखाली एवढं उंच बांधलंय, वीज पडणारच." आणि थोड्या वेळाने, "पण घरातलं माणूस गेलं की नुसतं वीज पडली म्हणून भागत नाही गं."

निघताना छताकडे बघायचं सुचलं हे नशीब. छताच्या तुळया जिथे मिळतात तिथल्या लाकडी नक्षीत एके ठिकाणी तीन ससे गोल धावतात. कान मिळून तीनच आहेत, तरी प्रत्येक सशाला दोन आहेत असं दिसतं. इथे त्यांना कथीलवाल्यांचे ससे म्हणतात. हेच तीन ससे चीनमधल्या तुनह्वांगच्या लेण्यांत, याच्या कितीतरी शतकं आधी काढलेले आहेत. आईने मान वर करून बोटांनी कान मोजले, पुन्हा मोजले, आणि म्हणाली, "अजिंठ्याला हरणं नाहीत का तशी?" आहेत! पहिल्या लेण्यात, खांबाच्या माथ्यावर, चार हरणं आणि डोकं एकच. शाळेच्या सहलीत मी ती बघितली होती आणि विसरूनही गेले होते.

रविवार, १२ ऑक्टोबर

कालचं हाउंड टॉर लिहायचं राहिलं. रात्री हात चालेना.

परतताना तिथे थांबलो. टॉरच्या पलीकडच्या उतारावर मध्ययुगीन वस्तीचे अवशेष आहेत. १९६० च्या दशकात उत्खनन झालं. दगडी भिंती गुडघ्या-मांडीएवढ्या उरल्यात, आत गवत. वस्ती चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून पंधराव्याच्या सुरुवातीपर्यंत केव्हातरी उठली. थंडी-पाऊस वाढला, १३४८ च्या प्लेगने माणसं नेली, खालच्या जमिनी मोकळ्या पडल्या, अशी कारणं अभ्यासक सांगतात. त्याच्याही आधीचे, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतांचे बांध या मूरवर मैलोन्‌मैल आहेत, आणि इथून वायव्येला ग्रिम्सपाउंडमध्ये एका गडग्याच्या आत चोवीस गोल झोपड्यांची जोती. म्हणजे 'ओसाड' हा माझा शब्द किती उथळ होता ते मला तिथे उभी असताना कळलं.

आई एका घरात शिरली. दाराच्या जागेतूनच शिरली, भिंत ओलांडून नाही. मधोमध थांबून तिने दोन्हीकडे बघितलं. जमीन एका बाजूला उतरती होती. "इकडं गोठा," ती म्हणाली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. बरोबर होतं ते. डार्टमूरची जुनी लांब घरं अशीच: एकाच छपराखाली वरच्या अंगाला माणसं, उताराच्या अंगाला जनावरं, मधून सामाईक वाट, आणि शेणमूत वाहून जायला पन्हळ. पाउंड्‌सगेटजवळच्या अपॅकॉटच्या घरात असा गोठा अजून जसाच्या तसा आहे. शेजारच्या एका खोपटात भट्टी होती. मी म्हटलं धान्य वाळवायची. "पाऊस उघडतच नसणार कापणीला," आई म्हणाली, आणि भट्टीच्या तोंडाशी हात लावून बसली.

मग बोलायला लागली. तिचं गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलं तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची. हे मला माहीत होतं, पण एका वाक्यात माहीत होतं. घर कसं होतं ते मी कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. काल त्या भिंतींत, वारा कानात शिरत असताना, तिने सांगितलं. दारातून आत आलं की डावीकडे दावणी, उजवीकडे चूल. गोठ्याच्या ऊबेला रात्री सगळी पोरं त्या बाजूला सरकून निजायची.

आज दुपारी तिने विजेच्या बिलाच्या पाकिटामागे पेन्सिलीने घर काढलं. दावणीत चार खुंट्या, प्रत्येकीखाली नाव: ढवळी, कपिला, तांबू, आणि एका म्हशीचं नाव आठवत नाही म्हणून नुसता गोल. गोठ्याला लागून एक लहानसा चौकोन, "ही मी." ढवळीचा श्वास ऐकू यायचा म्हणाली, झोप लागेपर्यंत.

पाकीट या वहीत ठेवायला घेतलं होतं. तिने आत्ताच परत मागून नेलं. उखळ काढायचं राहिलंय.