पालावरच्या माणसाने अपलोड काय करायचं?

आपले सरकार पोर्टलवर जातीच्या दाखल्यासाठी घरबसल्या अर्ज करता येतो, चांगलंच आहे, पण ज्यांचं घर म्हणजे पाल, कापडाचा तंबू, त्यांचं काय? विमुक्त-भटक्यांना दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. आता वडार समाजातले आजोबा तेव्हा दगड फोडत या गावाहून त्या गावाला फिरत होते, शाळा नाही, सातबारा नाही, मग स्कॅन करायला कागद आणायचा कुठून? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का १९५२ ला निघाला म्हणून त्या ‘विमुक्त’, आणि आपण पुरावा मागतोय त्यानंतर दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हाचा! खूप राग येतो याचा.

त्यात ओटीपी. रिचार्ज परवडत नाही, सिम बंद पडतं, नवीन घेतलं तरी आधारला जुनाच नंबर, मग अर्ज तिथेच अडकतो आणि नंबर बदलायला मजुरी बुडवून तालुक्याला जा.

दाखला नाही तर पोरांची स्कॉलरशिप नाही. तलाठ्यांनी पालावर जाऊन, जुन्या जाणत्यांना विचारून चौकशी करावी आणि पोर्टलने तो अहवाल कागदाइतकाच मानावा, एवढंच मागणं आहे.