सोलापूरच्या उन्हाळ्यात नॉइज कॅन्सलिंग हेडफोन: आकडा नंतर, आधी गादी

हेडफोन घेताना बहुतेक जण किती डेसिबल आवाज कमी होतो, तेवढंच बघतात. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. इथे आधी कानावरची गादी बघावी. ती नीट टेकली नाही तर आतली चिप कितीही भारी असली तरी फारसा उपयोग नाही.

नॉइज कॅन्सलिंग असं चालतं: हेडफोनच्या बाहेरचा मायक्रोफोन गोंगाट टिपतो, चिप त्याची बरोबर उलटी लहर काढते आणि दोन्ही एकमेकींना खोडतात. या कल्पनेचं अमेरिकी पेटंट जर्मनीच्या पॉल लुएग यांना १९३६ मध्येच मिळालं होतं. १०० हर्ट्झच्या घरघरीची लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, त्यामुळे जरा मागेपुढे झालं तरी चालतं. २००० हर्ट्झच्या तीक्ष्ण आवाजाला ती जेमतेम १७ सेंटिमीटर. तिथे किंचित उशीर झाला तरी खोडणं फसतं. म्हणून कूलर, पंखा, धावत्या रेल्वेचा घुमणारा आवाज छान दबतो. कुकरची शिट्टी, हॉर्न, शेजारचं बोलणं यांना अडवते ती मुख्यतः गादीच.

पूर्व भागात यंत्रमागाशेजारी राहणारे विचारतात, मागाचा खडखडाट जाईल का? मागाची खालची घरघर कमी होईल, पण धोट्याचा (आडवा धागा नेणाऱ्या भागाचा) प्रत्येक ठोका क्षणभराचा आणि टोकदार असतो, तो येणारच. आणि कारखान्यात मागावर काम करताना हे हेडफोन कानाच्या संरक्षणासाठी वापरू नका. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही कारखान्यांची मर्यादा आहे. मागाच्या खात्यात आवाज त्याच्याही वर जातो. तिथे प्रमाणित इअरमफ किंवा इअरप्लगच हवेत.

कूलरची एक गंमत लक्षात ठेवा. त्याची घरघर हेडफोन खातो, पण वाऱ्याचा झोत थेट कपावर आला की मायक्रोफोनच्या भोकांवर हवा आपटते आणि कानात भुर्रभुर्र, धप्पधप्प असं सुरू होतं. हेडफोन बिघडला म्हणून दुकानात धावायची गरज नाही. खुर्ची झोतातून दोन फूट बाजूला घ्या किंवा अॅपमध्ये वारा कमी करणारा मोड असेल तर तो लावा.

चष्मेवाल्यांनी घरीच एक चाचणी करावी. कूलर चालू, कॅन्सलिंग चालू, गाणं बंद. आता काडीजवळची गादी बोटाने हलकेच दाबा. घरघर एकदम कमी झाली तर तिथून आवाज शिरतोय. जाड प्लास्टिकची काडी फट ठेवते, पातळ धातूची बरी. कानाची उंचीही पट्टीने मोजा: साधारण ६० ते ६५ मिमी भरते. कपाचं आतलं भोक त्याहून लहान असेल तर पाळी दाबली जाते आणि अर्ध्या तासात दुखायला लागतं.

वजन २५० ग्रॅमच्या आसपास असलेलं बरं. ३८० ग्रॅमचं दुकानात जाणवत नाही, दोन तासांनी टाळूला जाणवतं. डोकं जड वाटलं, कानात दडे बसल्यासारखं झालं, तर कॅन्सलिंगची पातळी एक पायरी खाली आणा.

खरा शत्रू घाम. कृत्रिम चामड्याची गादी घाम आणि तेलाने कडक होते, भेगा पडतात, काळे पापुद्रे गालाला चिकटतात आणि सील गेल्यावर घरघर परत ऐकू येऊ लागते. वापर झाला की कोरड्या सुती कापडाने पुसा. मळ असेल तर कापड किंचित ओलं करा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, वरचा थर सुटतो. जाळीदार कापडाची गादी थंड राहते, पण तिच्यातून आवाज झिरपतो आणि बासही पातळ होतो. तासाभराने पाच मिनिटं हेडफोन उतरवणं हाच जास्त चांगला उपाय.

उन्हात लावलेल्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत हेडफोन ठेवू नका. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणं तिच्या मुळावर येतं. बाहेरून आलात की अर्धा तास सावलीत ठेवा, मग चार्जर लावा.

नवी गादी घेताना मॉडेलचं पूर्ण नाव जुळवा. बऱ्याच मॉडेलमध्ये ती कडेच्या खटक्यांवर बसते: जुनी हळू उचकटा, खटके मोडले नाहीत ना ते बघा, नवी सगळीकडून दाबून ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा. एक खटका जरी सुटला तरी फट राहते. मग कूलरजवळ बसून तीच बोटाची चाचणी पुन्हा करा.