बारावर थांबायचं

रविवार, रात्रीचे सव्वादहा

मनगट ठणकतंय, डाव्या पायाचा अंगठा खरचटलाय, आणि स्वयंपाकघरात ओट्यावर माझी मासे धरायची नवी काठी अर्धवट मिटलेली पडून आहे. मिटली की हातभर होते अशी तिची ख्याती. पण मधले दोन तुकडे एकमेकांत असे रुतून बसलेत की ती दोन हातांची झाली आहे. तशीच सांभाळत ओकुतामाच्या डोंगरांतून टोक्योच्या दुसऱ्या टोकाला, निशि-कासाईतल्या घरापर्यंत आणली. गाडीत समोर बसलेल्या एका छोट्याने आधी काठी बघितली, मग माझी मोकळी पिशवी बघितली आणि मग आईच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं असेल ते कळायला जपानी यायची गरज नव्हती.

हे सगळं सुरू झालं ऑफिसातून गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या एका सहकाऱ्यांमुळे. मी त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणते, ते दर वेळी हात हलवून ‘नको, नको’ म्हणतात. निरोपाच्या जेवणात त्यांना मी आमच्या वाशिष्ठी नदीच्या गोष्टी सांगत होते. आजोबांबरोबर गरवायला जायचे, चिव्याची काठी, तिला दोरा, दोऱ्याला गरी, बस्स. ते हातातला ग्लास खाली ठेवून म्हणाले, “मग तुम्हाला तेन्कारा येतंच की.”

तेन्कारा म्हणजे डोंगरातल्या नद्यांत रीळाशिवाय, नुसती काठी, दोरा आणि पिसाचा गळ घेऊन मासे धरायची जपानी पद्धत. ती मला येत नाही. आज सिद्ध झालं.

सकाळी साडेपाचची तोझाई लाईन, नाकानोला गाडी बदलून चुओ, तिथून ताचिकावा, ओमे आणि शेवटी ओकुतामा. सगळा प्रवास करून पोचलो तरी आपण टोक्योतच असतो याची मला अजून गंमत वाटते. स्टेशन ३४३ मीटर उंचीवर. उतरणाऱ्या निम्म्या लोकांच्या पाठपिशव्यांना घुंगरू लावलेले, अस्वलांना दूर ठेवायला. फलाटावर एकदम बैलपोळ्यासारखा आवाज. सेन्सेईंनी माझ्याही पिशवीला एक अडकवून दिला.

आधी परवाना. नदी कोणाच्याही बापाची नाही हे आपलं गृहीतक इथे चालत नाही. प्रत्येक खोऱ्याची मच्छीमार सहकारी संस्था असते, ती नदीत मासे सोडते, राखण करते, आणि गळ टाकणाऱ्याने त्या दिवसाचं तिकीट काढून ते दिसेल असं अंगावर लावायचं. इथे हंगाम मार्च ते सप्टेंबर. शरदात मासे अंडी घालतात, तेव्हा नदी बंद. मी तिकीट छातीवर लावलं आणि उगाच शाळेच्या सहलीला आल्यासारखं वाटलं.

आम्ही गेलो निप्पारा नदीवर. नदी कसली, आमच्याकडे हिला पऱ्या म्हटलं असतं. चार-पाच मीटर रुंद, दोन्ही काठांनी झाडं आत वाकलेली, खोलीएवढाले दगड, त्यांच्यामधून पाणी उड्या मारत येतंय. जून असूनही पाण्यात पाय घातल्यावर पोटऱ्या बधिर झाल्या.

काठी कार्बनची, ३.६ मीटर. तिला रीळ नाही, दोरा जायला कड्या नाहीत. शेंड्याला लाल विणलेल्या दोरीचा बोटभर तुकडा चिकटवलेला असतो, त्याला इथे लिलियन म्हणतात. दोऱ्याला फासाची गाठ मारून ती लिलियनवर सरकवायची आणि आवळायची. दोरा साधारण काठीएवढाच लांब. त्याच्या पुढे हातभर बारीक, जवळजवळ न दिसणारा धागा, आणि टोकाला केबारी, म्हणजे किड्यासारखा दिसावा म्हणून पिसं गुंडाळलेला गळ. के म्हणजे केस, आणि बारी हे मूळचं हरि, म्हणजे गळ. आपला हरि नव्हे. असं मी स्वतःला बजावेपर्यंत सेन्सेईंनी डबी उघडली आणि त्यातल्या केबारीच्या पोटाला मोरपीस गुंडाळलेलं निघालं! चमचमतं, तांब्यावर हिरवं. मी इतक्या मोठ्याने हसले की ते दचकले. त्यांना काय सांगू, हरि आणि मोरपीस. सांगून बघितलं. अर्धवट पोचलं असावं.

मोरपीस मला आणखी एका कारणाने ओळखीचं. आजोबा पिसाचा पांढरा देठ वीतभर कापून दोऱ्याला बांधायचे, तो पाण्यावर उभा तरंगायचा. देठ बुडाला की मासा लागला. इथे त्याच पक्ष्याचं दुसरं टोक पाण्याखाली माशाला फसवायला.

मोरपिसाच्या पुढे कोंबडीचं एक पीस गोल गुंडाळलेलं. गंमत म्हणजे त्याचे केस मागे न झुकता पुढे, गळाच्या डोळ्याकडे झुकलेले. वाऱ्याने उलटलेल्या छत्रीसारखं. या प्रकाराला सकासा केबारी म्हणतात, म्हणजे उलटी. शेंडा जरा हलवला की प्रवाहात ते केस मिटतात आणि पुन्हा उघडतात. मी तळहातावर पाणी घेऊन करून बघितलं, आणि खरं सांगते, माहीत असूनही क्षणभर ते जिवंत वाटलं.

आता फेकणं. घड्याळ समजा, म्हणाले. काठी समोर दहावर, झटक्यात मागे बारावर, तिथे थांबायचं, दोरा मागे सरळ होऊ द्यायचा, मग पुन्हा दहावर. “बारावर थांबायचं,” त्यांनी तीनदा सांगितलं. माझे दर वेळी दोन वाजत होते. आणि दोन वाजता मागे झाड होतं. पहिल्या तासात मी तीन केबारी झाडांना वाहिल्या. चौथीला सेन्सेईंनी माझ्या मागे उभं राहून स्वतःचा हात आडवा धरला, माझं मनगट त्यावर आपटून थांबायला लागलं, तेव्हा कुठे दोरा समोर सरळ उलगडला. ते दिसायला इतकं सुंदर असतं की मी केबारी कुठे पडली हे बघायचंच विसरले.

आणि तिथेच मेख आहे. मी मनात धरून आले होते ते चित्र म्हणजे धुकं, वाकलेली वेताची टोपी, निश्चल माणूस. जपान म्हटलं की आपल्याला जे दाखवतात ते. प्रत्यक्षात निश्चल कोणी नाहीच. केबारी पाण्यात दोन-तीन सेकंद राहते. त्या दगडामागे जिथे पाणी थबकतं, तेवढ्या थाळीएवढ्या जागेत ती टाकायची, दोरा पाण्याला लागू द्यायचा नाही, फक्त केबारी आणि वर वीतभर धागा पाण्यात. दोरा पाण्यात पडला की मधली जोराची धार त्याला ओढते, केबारी फरफटते आणि मासा शहाणा होतो. मासा आला तर आला, नाही तर चार-पाच वेळा टाकून पुढचा दगड. दगडावर चढा, उतरा, पाण्यातून जा. अंगठा तिथेच गेला. तेन्कारा म्हणजे चालणं आहे.

आजोबांबरोबर आम्ही कोंडीवर बसायचो. करवंटीत भोपळ्याच्या वेलाखाली खणून काढलेली गांडुळं, पाण्यात देठ उभा, आणि गप्प बसायचं. गांडूळ खरं असतं, मासा ते तोंडात धरतो, चघळतो, आपल्याला वेळ देतो. केबारी म्हणजे पीस. मासा धरतो, त्याला सेकंदाच्या आत कळतं की हे खाणं नव्हे, आणि तो थुंकतो. तेवढ्यात मनगट हललं पाहिजे. सकाळभरात मला पाण्यात चमक दिसली असेल सात-आठ वेळा. सात-आठही वेळा मी ‘अरे!’ म्हणाले आणि मग काठी उचलली.

दुपारी दगडावर बसून ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, खाताना मी विचारलं, हे इतकं साधं का ठेवलं, काही तत्त्व आहे का यामागे? मनातून मला एखादं झेनचं वाक्य हवं होतं, घरी येऊन इथे लिहायला. सेन्सेई भात चावत म्हणाले, “धंदा होता हो.”

मध्य जपानातल्या चुबूच्या डोंगरांत, नागानो, गिफु, तोयामा या भागांत, पोटासाठी मासे पकडणारे लोक होते. इवाना आणि यामामे हे ट्राउटच्या कुळातले मासे पकडायचे, खाली गरम झऱ्यांच्या धर्मशाळांना विकायचे. तिथे पाहुण्यांना मासा मीठ लावून काडीवर भाजून मिळायचा. भाजलेला इवाना गरम साकेत, म्हणजे तांदळाच्या दारूत, बुडवून ती साके पितात, तिला कोत्सुझाके म्हणतात, ती सेन्सेईंची आवड, त्यावर ते दहा मिनिटं बोलले. तर या माणसांकडे बांबूची काठी आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांचा वळलेला दोरा. गांडूळ लावायला वेळ जातो, दर माशाला नवं लागतं, पाण्यातले किडे शोधायचे म्हणजे आणखी वेळ. पिसाचा एकच गळ डझनभर मासे काढतो. रीळ कशाला, नदीच चार मीटरची. ओझं कशाला, परत डोंगर चढायचाय. म्हणजे जे जे आज साधेपणा म्हणून विकलं जातं, ते सगळं त्या लोकांनी घाईसाठी काढून टाकलं होतं. बाहेरच्यांना याची ओळख तशी उशिराच झाली. २००९ मध्ये तेन्काराचे जाणकार इशिगाकी हिसाओ यांनी अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या कॅटस्किल्समध्ये जाऊन ते दाखवलं, त्याच वर्षी तिकडे या काठ्यांची कंपनीही निघाली. इशिगाकी स्वतः वर्षानुवर्षं एकाच प्रकारची केबारी वापरतात. तेन्कारा या नावाचा अर्थ ‘आकाशातून’ असं लोक हौसेने सांगतात, केबारी वरून पडते म्हणून. पण लिहिताना ते त्या अक्षरांत लिहीत नाहीत, आणि उगम कोणी छातीठोक सांगत नाही.

तीनच्या सुमारास एक लागला. मी पकडला म्हणणं खोटं होईल, मी पुढच्या फेकीसाठी काठी उचलत होते आणि त्याच क्षणी त्याने केबारी धरलेली होती. काठी शेंड्यापासून मुठीपर्यंत थरथरली. रीळ नसल्यामुळे मध्ये काही नाहीच, त्याची प्रत्येक झटक थेट तळव्यात. सेन्सेई ओरडत होते, हात ओला करा, आधी हात ओला करा! कोरड्या हाताने माशाची त्वचा निघते. यामामे, माझ्या तळहातात मावेल एवढा. अंगावर ओळीने लांबट काळपट ठसे, शाईत बोट बुडवून कोणी नीट अंतर ठेवून उठवल्यासारखे. गळाच्या टोकाला उलटा काटा नव्हता, अलगद सुटला. ठरलेल्या मापापेक्षा लहान म्हणून सोडायचाच होता. मी तो मुठीत पाण्यात धरून ठेवला, एकदा कल्ले हलले, दुसऱ्यांदा हलले, आणि मूठ रिकामी झाली.

नऊच्या सुमारास आईला फोन केला. तिकडे साडेपाच, तिचा चहा.

“दिवसभर उभी राहून एक? आणि तोही सोडलास? बाजारात मिळत नाहीत का गं मासे तिकडे?”

मग मी तिला आजोबांचं सांगितलं, ते कसे आरामात बसायचे कोंडीवर, किती हौस होती त्यांना गरवायची.

आई थोडा वेळ गप्प. “हौस कसली,” म्हणाली. “शिपायाचा पगार. वीस तारखेनंतर घरात कालवणाला काही नसायचं. तुला नाही कळायचं, तू लहान. पुढे दादा कमावता झाला तेव्हा त्यांनी काठी पडवीत टांगली ती टांगलीच.”

“पण मला न्यायचे ना?”

“तू जायचीस मागे लागून. आणि तू बडबडून मासे पळवायचीस, म्हणून गप्प बसवायचे.”

म्हणजे ती शांतता माझ्यासाठी होती, असं मी तीस वर्षं समजत होते.

आत्ता नवरा झोपायला गेला. जाताना म्हणाला, “काठी ओट्यावरून हलव, सकाळी डबा करायचाय.” भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले, एक तुकडा एका हातात, दुसरा दुसऱ्या हातात धरला आणि ओलं फडकं पिळल्यासारखं उलट्या दिशांना पिळलं. तिसऱ्या खेपेला टक्‌ झालं आणि तुकडे सरकले. आतून चमचाभर पाणी ओट्यावर सांडलं. अजून गार होतं. सोबत रेतीचे चार दाणे.