भाऊसाहेबांचं उपरणं

श्रुतिकेत उपरणं दिसत नाही, ही अडचण आधी सासूबाईंच्या लक्षात आली. घरच्या घरी फोनवर रेकॉर्ड करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची आमची राजकीय नाटुकली. तिच्यातले भाऊसाहेब दर भागात पक्ष बदलतात. टीव्हीवर गळ्यातल्या उपरण्याचा रंग बदलला की भागतं, कानांना रंग कसा कळणार? शेवटी नवऱ्याने ओला पंचा फोनजवळ झटकला. फट्! झालं पक्षांतर. आता तर संवादाचीही गरज उरलेली नाही. नुसता पंचा वाजला की नणंद हसरे चेहरे पाठवते.

सासरे नोकरीतून निवृत्त झाले, नियमांतून नाही. "नगरसेवकाला असा पक्ष बदलता येत नाही. आमदार-खासदारांना राज्यघटनेची १९८५ची दहावी अनुसूची, नगरसेवकांना राज्याचा १९८६चा पक्षांतरबंदी कायदा. पद जाईल त्याचं!"

"पण आजोबा, त्यांना पदच कुठेय?" लेक म्हणाली.

खरंच की. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. आम्ही अख्खी गोष्ट त्या काळात नेऊन ठेवली. पदच नाही तर जाणार काय? फट्, फट्. फ्लेक्सवर 'लोकप्रिय नगरसेवक' कायम, वरच्या कोपऱ्यातले फोटो तेवढे बदलायचे.

भाऊसाहेबांचं काम आधी नवरा करायचा, घसा ताणून. अगदीच नाटकी वाटायचं. मग सासूबाईंनी ते हातात घेतलं. श्रुतिकेत मिशा लावाव्या लागत नाहीत, हे बरं. जावयाला आग्रहाने तूप वाढावं तशा आवाजात त्या म्हणतात, "पाण्याचा प्रश्न ना? माझ्या मनातच आहे हो." आणि थांबतात. नुसत्या थांबतात. नवऱ्याने एडिट करताना ती जागा रिकामी समजून कापून टाकली, तेव्हा घरात जो काही गदारोळ झाला तो रेकॉर्ड करायला हवा होता. "अरे, हशा तिथे होता!"

सभेची गर्दी आम्हीच पाच जण. गाद्यांच्या कपाटाशी, पंखा बंद करून, प्रत्येकाने वेगळा पाढा म्हणायचा. सासऱ्यांचा आवाज आकाशवाणीच्या सात-पाचच्या बातम्या ऐकून घडलेला, दबत नाही. टाळ्यांच्या कडकडाटात 'एकोणतीस सत्ते दोनशे तीन' स्पष्ट ऐकू येतं. ऐकणाऱ्यांना तो कोटींचा आकडा वाटला. राहू दिला.

आता निवडणुकीचा भाग आला आणि पंचाईत झाली. भाऊसाहेब निवडून आले तर १९८६चा कायदा लागू, सगळी गंमतच संपली. घरात मतदान घेऊन आम्ही त्यांना एकशे अकरा मतांनी पाडलं. सासूबाईंनी फेरमोजणी मागितली आहे.